चाकणचे पांढरे फडके

पवनेच्या काठी चिंचवडक्षेत्री जो अखंड जागता आहे, त्या मंगलमूर्तीच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्याच्या सत्तेने सूर्य तापतो, वारा वाहतो व मेघ ओथंबतो त्या परमेश्वराचे स्मरण करून या चार पानांना आरंभ करतो. निमित्त असे, की आमच्या शाळेत यंदा नवी प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या दारावर कै. त्र्यंबकराव आठल्ये यांची तसबीर लावावी असे ठरले, आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडे निरोप धाडला, "शास्त्रीबुवा, आठल्ये सरांना जवळून पाहिलेले आता तुम्हीच. स्मरणिकेसाठी काही लिहून द्या."

त्र्यंबकरावांचे जन्मगाव, शिक्षण, सेवाकाल हे सारे शाळेच्या दप्तरात असेलच. मला त्यातले फारसे ठाऊक नाही, आणि त्यांना ओळखण्यासाठी ते ठाऊक असण्याची कधी गरजही पडली नाही. मला त्यांची टोपी ठाऊक आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात मी पुण्याची पाठशाळा सोडून चिंचवडच्या शाळेत संस्कृत शिकवण्यास रुजू झालो. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी एक उंच, किंचित पुढे वाकलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, तिची एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली आणि कोणालाही उद्देशून नव्हे अशा स्वरात म्हटले, "आज वारा पिंपरीकडून." मला वाटले, गृहस्थ थोडे भ्रमिष्ट असावेत. मग त्यांनी टोपी माझ्यापुढे धरली. डाव्या घडीवर बोट फिरवावे तर काजळाची पुसट रेघ उमटत होती. उजवी घडी स्वच्छ होती. "सकाळी घरून निघालो तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या," ते म्हणाले. "आपण शास्त्रीबुवा ना? बसा. चहा येईल असं म्हणतात. पाहू."

हे 'पाहू' त्यांच्या जिभेवर कायमचे वसले होते. पुण्याच्या हवामानखात्यातील नोकरी सोडून ते भूगोल शिकवण्यास आले होते, त्यामुळे मुलांना वाटे की या माणसाला पाऊस कधी येणार हे निश्चित ठाऊक असणार. "सर, उद्या सहल आहे, पाऊस येईल का?" असे विचारले की ते आकाशाकडे मनापासून पाहत आणि तितक्याच मनापासून सांगत, "माहीत नाही. पाहू." एखादा पालक हात जोडून विचारी, "आमचा पोरगा यंदा पास होईल ना?" तर त्यालाही तेच उत्तर. मुलांनी त्यांचे नाव 'पाहूसर' ठेवले होते आणि ते त्यांच्या कानांवर गेले तेव्हा त्यांनी समाधानाने मान डोलावली.

त्यांच्या पत्नी कमलवहिनी मोठ्या मिस्कील. एकदा माझ्या कुटुंबाला त्यांनी सांगितले, "आमच्या लग्नाच्या वेळी बाबांनी ह्यांना विचारलं, मुलगी पसंत आहे ना? तर हे म्हणाले, अजून नीट पाहिली नाही, पाहू. बाबा म्हणाले, अहो, समोर बसली आहे की तासभर! तर म्हणतात, तासभर मी तुमच्या खिडकीतून ढग पाहत होतो."

आम्ही दोघेही आकुर्डी गावठाणात एकाच आळीत राहत असू. त्र्यंबकरावांचे बिऱ्हाड सखारामतात्यांच्या घरात होते. तात्या म्हणजे गावातले जुने, खातेपिते शेतकरी. शब्द कडक आणि हात सैल. भाडेकरूच्या घरी रोज सकाळी तांब्याभर दूध आपल्या हाताने नेऊन ठेवीत आणि वर विचारीत, "मास्तर, आज वर काय शिजतंय?" 'वर' म्हणजे आकाशात. तात्यांच्या घराला धाब्याचे सपाट छत होते आणि त्या छतासाठीच त्र्यंबकरावांनी ते बिऱ्हाड घेतले होते.

त्या छतावर मांजरपाटाचे एक पांढरे फडके लाकडी चौकटीत ताणून बसवलेले असे. ते महिनाभर उघड्यावर राही. अगदी तसेच दुसरे फडके चाकणला, वहिनींच्या भावाच्या घरावर. चाकणला तेव्हा कांद्याचे आणि बटाट्याचे मळे होते. धूर म्हणाल तर तो चुलींचा. महिना झाला की त्र्यंबकराव भोसरी-मोशीवरून जाणाऱ्या एसटीने चाकणला जात आणि ते फडके घडी करून घेऊन येत. एसटीच्या वाहकाला हे प्रकरण पाठ झाले होते.

"काय मास्तर, बायकोच्या माहेरी फडकं धुवायला?"

"धुवायला नाही हो. मळवायला ठेवलंय."

मग तात्यांच्या विहिरीवर दोन्ही फडकी धुण्याचा विधी होई. विधीच म्हणतो, कारण पूजेइतकाच त्याचा क्रम ठरलेला असे. साबण नाही, चोळणे नाही. नुसते स्वच्छ पाणी वरून सोडायचे. "धूळ पाण्याने जाते, शास्त्रीबुवा. काजळी जात नाही. ती चिकट असते." फडकी वाळली की दारापुढच्या दोरीवर दोन्ही शेजारी शेजारी टाकायची. चाकणचे धुतल्यावर दुधासारखे होई. आकुर्डीचे मात्र राखेची एक छटा धरून राही, आणि जसजसे महामार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत गेले तसतशी ती छटा गडद होत गेली.

"ह्यांनी माझी सवत आणलीय घरात," वहिनी म्हणत. "काळी आहे, पण तिला मात्र रोज निरखून पाहतात."

दोरीवरचे ते दृश्य पाहून त्र्यंबकराव दर वेळी एकच वाक्य म्हणत, जसे घरी आजारी माणूस असावे आणि त्याला आज उतार आहे असे सांगावे: "अजून चाकण पांढरं आहे."

मी एकदा विचारले, "यात एवढे समाधान कसले?"

"आकुर्डीचा धूर आकुर्डीवर पडतो आहे, तोवर तो गावाचा धूर आहे. गावाने तो निस्तरावा. पण एक दिवस चाकणचं फडकंही असंच दिसलं, तर तो मुलखाचा धूर झाला. मुलखाचं आभाळच काळवंडलं, तर मग पाऊस कोणाकडे मागायचा?"

हाच त्यांचा जन्माचा प्रश्न होता. धुराने छाती भरते, डोळे चुरचुरतात, वाळत घातलेली लुगडी मळतात, हे सर्वांना दिसत होते. त्यांना जाणून घ्यायचे होते ते असे, की ही काजळी वरच्या ढगाचे आणि खालच्या पावसाचे काय करते.

या विषयावर आमचा वाद मधल्या सुट्टीत होई आणि तो आजही माझ्या कानांत आहे. आमच्या पाठशाळेत शिकवीत की अग्नीतून धूर उठतो आणि धुरातूनच मेघ घडतो. मी हे सांगितले तेव्हा गणिताचे शिक्षक हसले. त्र्यंबकराव हसले नाहीत. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बरोबर आहे."

मला आश्चर्य वाटले. "बरोबर कसे?"

"हवेत नुसती वाफ असून भागत नाही. थेंबाला बसायला पाट लागतो. मातीचा कण, समुद्राच्या मिठाचा कण, धुराचा कण, कशावर तरी वाफ टेकते, तेव्हा थेंब होतो. जुन्या लोकांनी धुराचं आणि मेघाचं नातं जोडलं ते उगाच नव्हे. पण शास्त्रीबुवा, पंगतीला पन्नास पाट मांडलेत आणि भात पन्नासांचा आहे, तर काय होईल?"

"सर्व तृप्त होतील."

"त्याच भातावर पाचशे पाट मांडले तर?"

"सर्व अर्धपोटी उठतील."

"उठणारच नाहीत! तीच तर गंमत आहे. थेंबाचं पोट भरलं, तो जड झाला, की मगच खाली उतरतो. अर्धपोटी थेंब वरच तरंगत बसतात. ढग दिसतो, भरलेला वाटतो, आणि तसाच डोक्यावरून पुढे निघून जातो." मग टोपी काढून तिच्यावरची काळी रेघ मला दाखवीत, "शिवाय ही बाई काळी. काळी वस्तू ऊन पिते. वरची हवा तिच्यामुळे तापते, जमिनीला ऊन कमी मिळतं. जमीन तापली की खालची हवा वर चढते, तेव्हा कुठे ढग उभा राहतो. वर ऊब आणि खाली गारवा असेल, तर ती वर चढायचे कष्ट कशाला घेईल?"

गणिताचे शिक्षक आता सावरून बसले होते. "म्हणजे आपल्याकडचा पाऊस या धुराने कमी होणार म्हणा ना!"

"आपल्याकडे? माहीत नाही," त्र्यंबकराव टोपी घालीत म्हणाले. "पाहू."

पंगतीचा हा दृष्टांत त्यांनी वर्गातही सांगितला, तात्यांच्या ओटीवरही सांगितला, आणि तोच पुढे त्यांच्या अंगावर आला.

बाहत्तर साल उजाडले. त्या वर्षाचे वर्णन मी काय करावे? श्रावण लागला तरी नांगरलेल्या रानात ढेकळे तशीच होती. ढग येत, दुपारभर डोक्यावर थांबत आणि निघून जात. गावाच्या उशाला एक लहानशी फाउंड्री होती, लोखंड वितळवून सुटे भाग ओतण्याची. रोज सकाळी तिची भट्टी पेटवली की काळ्या धुराचा लोळ तात्यांच्या शेतावरून आडवा जाई. कोरडे आभाळ आणि त्याखालचा तो धूर रोज एकत्र दिसू लागले, तेव्हा गावाच्या मनाने त्या दोहोंची गाठ बांधली, यात नवल नाही. मारुतीच्या देवळात बैठक बसली. भट्टी बंद करण्यासाठी सरकारात अर्ज करायचा, आणि हवामानखात्यात नोकरी केलेल्या माणसाने त्यावर आपला निर्वाळा द्यायचा, असे ठरले.

तात्या उठून उभे राहिले. "मास्तर, तुमीच सांगितलं न्हवं, पाट जास्ती झालं की ढग उतरत न्हाई म्हनून? मंग आता लिवून द्या. ह्या धुरानं आमचा पाऊस खाल्ला."

त्र्यंबकराव सभेत नेहमी मागे, खांबाला टेकून बसत. तिथूनच म्हणाले, "तात्या, पाऊस नगरला नाही, बीडला नाही, सोलापूरला नाही. तिथे कुठे ही भट्टी आहे?"

"म्हंजी धुराचं काईच न्हाई?"

"तेही मी म्हणत नाही. धूर वाईटच. तो थेंबाचा घास वाटून टाकतो हे खरं. पण यंदाचा आपला पाऊस त्यानेच नेला, हे मी कसं सांगू?"

"मंग सांगता तरी काय?"

"माहीत नाही. पाहू."

देवळात आधी कोणीतरी हसले आणि मग आवाज चढले. "भट्टीच्या मालकानं ह्याचं तोंड शिवलंया!" असे एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मास्तराला पगार मिळतो, त्याला पावसाचं काय!" त्या भट्टीवर चाळीसेक माणसे राबत होती आणि त्यांतली बरीचशी बीड-उस्मानाबादकडून दुष्काळामुळेच इकडे आलेली होती. पण ती सबब त्र्यंबकरावांनी पुढे केली नाही. ठाऊक नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या लेखी तेवढे पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी फाउंड्रीतला एक कारकून पेढ्यांचा पुडा घेऊन आला. गावासमोर आपली बाजू घेतल्याबद्दल आभार, आणि जमल्यास एवढे लिहून द्यावे की धुराने उलट ढग वाढतात. त्र्यंबकरावांनी त्यालाही पाटावर बसवून पंगतीचा दृष्टांत सांगितला. पुडा आणि कारकून दोघेही आल्या पावली परत गेले.

त्याच संध्याकाळी तात्या ओटीवर येऊन उभे राहिले. दुधाचा तांब्या हाती नव्हता. "मास्तर, माज्या छपराखाली ऱ्हाऊन माज्याच रानाशी असं वागला. दसऱ्याच्या आत खोल्या मोकळ्या करा."

वहिनींनी त्या वेळी पदराने डोळे टिपत म्हटलेले मी ऐकले, "एक ओळ लिहून दिली असती तर काय झालं असतं हो?"

"ती ओळ मला रोज वाचावी लागली असती," ते म्हणाले.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली आणि ती मी मुद्दाम सविस्तर सांगतो. गावकरी आणि भट्टीवरचे कामगार, दोघांनीही येऊन मला पर्जन्ययाग करण्याची विनंती केली. भट्टीवर वाद असला तरी देवापुढे सर्वांचे मागणे एकच होते. माळावर कुंड बांधले. पण दुष्काळात तूप कुठून येणार? समिधाही नुकत्याच तोडलेल्या, ओल्या. अग्नी धुमसत होता. तेव्हा भट्टी पेटवणारा महादू नावाचा बीडकडचा तरुण आणि त्याचे सोबती भाबड्या श्रद्धेने पुढे झाले. धुराचा ढग होतो हे आठल्ये मास्तरांचे अर्धे बोलणे त्यांच्या कानांवर गेले होते. त्यांनी भट्टीवरून पोतेभर सुताचा चोथा आणला होता, जुन्या यंत्रतेलात भिजलेला. भट्टी पेटवताना ते हाच वापरत.

"बुवा, आता बगा कसा ढग उठतोय!" असे म्हणून महादूने तो कुंडात लोटला.

ढग उठला खरा. काळा, जाड, तेलकट. क्षणात माझे सोवळे, ब्रह्मवृंदाची उपरणी, बायकांची लुगडी, देवाची प्रतिमा, सर्व काही काजळले. मंत्र खोकल्यात बुडाले. तात्या ओरडू लागले की भट्टीवाल्यांनी यज्ञ बाटवला, आणि कामगारांनी बाह्या सरसावल्या. महादू तर रडकुंडीला आला होता. "मपलं काय चुकलं जी? जास्त धूर, जास्त पाऊस, असंच हाय ना?"

या गोंधळात त्र्यंबकराव गर्दीतून वाट काढीत आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. हातात घरची तुपाची बरणी होती आणि काखेत शेवग्याच्या वाळलेल्या काटक्यांची मोळी. त्यांनी उकिडवे बसून काठीने तो चोथा कुंडाबाहेर ओढला, काटक्या एकावर एक न दाबता मध्ये हवेला वाट ठेवून रचल्या आणि मला विचारले, "शास्त्रीबुवा, तुमच्या शास्त्रात आहुती कशा अग्नीत द्यायला सांगितली आहे?"

मी म्हणालो, "निर्धूम, प्रज्वलित अग्नीत. धुमसत्या अग्नीत दिलेली आहुती देवांना पोहोचत नाही."

"ऐकलंस, महादू? धूर म्हणजे न जळलेलं जळण. विस्तवाचा घास अर्धवट राहिला की तो काळा होऊन वर जातो. पूर्ण जळू दे. हवा दे, वाळकं दे, थोडं थोडं दे."

ज्वाला सरळ उभी राहिली. तिच्यावरची हवा नुसती थरथरत होती. धुराचा पत्ता नव्हता. मी आहुती घातली. मी जन्मभर निर्धूम अग्नीचे विधान मुखोद्गत म्हणत आलो, पण त्याचा अर्थ आकाशाशी असा लागतो हे त्या दिवशी प्रथम उमगले, आणि मनोमन मी त्या ऋषींना आणि माझ्या शेजाऱ्यालाही नमस्कार केला.

महादू मात्र ज्वालेकडे टक लावून पाहत होता. प्रसाद घेताना त्याने विचारले, "मास्तर, भट्टी बी अशीच पेटंल का?"

"माहीत नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "चल, पाहू."

पुढचे काही आठवडे ते सकाळी शाळेआधी भट्टीवर जात. तेलकट चोथा आणि रबराचे तुकडे बंद झाले, जळण आदल्या दिवसापासून वाळत पडू लागले, भट्टीत हवा फुंकणारा पंखा आधी सुरू होऊ लागला. जळण कमी लागते असे दिसल्यावर मुकादमानेही अडवले नाही. सकाळचा तो लोळ निम्म्यावर आला. भट्टी बंद करण्याचा अर्ज गावाने पुढे नेलाच नाही.

पाऊस मात्र त्या वर्षी आला नाही. यागानंतरही नाही, धूर निम्मा झाल्यावरही नाही. तात्यांचा शब्द चारचौघांत गेलेला होता, तो माघारी घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दसऱ्याआधी आठल्ये पतिपत्नी पिंपरीच्या बाजारामागे दोन अंधाऱ्या खोल्यांत राहायला गेली. जाताना त्र्यंबकरावांनी तात्यांकडे एवढेच मागितले, "छतावरची चौकट तेवढी राहू दे. जागा बदलली की आजवरचं पाहणं वाया जातं." तात्यांनी तोंड फिरवले, होही म्हटले नाही आणि नाहीही.

पुढल्या वर्षी ईश्वराने कृपा केली. रान हिरवे झाले. एके दिवशी मी पिंपरीच्या त्या खोल्यांत बसलो असता दाराशी बैलगाडी थांबली आणि तात्या आत आले. बसले नाहीत.

"मास्तर, यंदा पाऊस झाला. भट्टीचा धूर बी कमी झाला. आता तरी म्हना, धूर कमी झाला म्हनून पाऊस आला. आता तर तुमच्याच बाजूचं बोलनं हाय, तुमीच तो धूर कमी केला!"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. 'हो' म्हणायला काय हरकत होती? मान होता, समेट होता, छत होते.

त्र्यंबकराव म्हणाले, "नाही, तात्या. जिथे कधी भट्टी नव्हती तिथेही यंदा पाऊस झाला. धूर कमी झाला हे फार चांगलं झालं. पण पावसाचं... माहीत नाही. पाहू."

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटले, ते इतके की खोकला लागून भिंतीला टेकावे लागले. "वैनी, ह्यो मानूस कुनाचाच न्हाई बगा! माजा न्हाई, मालकाचा न्हाई, सोताचा बी न्हाई! आन् म्या याला खोल्यांतनं काढला. गाडी जुपून आनलीया. भांडी काढा, चला."

सामान भरताना त्यांनी काहीशा संकोचाने सांगितले, "ते फडकं म्या काढलं न्हाई. दर म्हैन्याला धुतलंय. तुमी धुता तसंच, नुसत्या पान्यात."

"दुष्काळात?" त्र्यंबकरावांनी विचारले.

"दोन तांबे," तात्या म्हणाले आणि बैलांकडे वळले.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. महामार्गाला कारखाने लागत गेले, भोसरी भरली, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आकुर्डीचे फडके काळवंडत गेले आणि दोरीवर त्याच्या शेजारचे चाकणचे मात्र पांढरे राहिले. "अजून चाकण पांढरं आहे," हे वाक्य आमच्या आळीत क्षेमकुशल सांगण्याची रीतच होऊन बसले. पत्र लिहिताना माझे कुटुंबही शेवटी लिही, येथे सर्व ठीक, चाकण पांढरे आहे.

काचबिंदूने त्र्यंबकरावांची दृष्टी हळूहळू गेली. चाकणला जाणे थांबले. मेहुण्याकडून फडके येई, पण मधे हयगय झाली. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावले. "शास्त्रीबुवा, एक खेप मारा. मला ते फडकं पाहायचं आहे." पाहायचं आहे, असेच म्हणाले.

मी एसटीने गेलो. मोशीच्या पुढे सकाळचे दहा वाजले तरी शेतांवर एक मळकट पडदा तरंगत होता आणि सूर्य त्यातून पितळेच्या जुन्या ताटासारखा दिसत होता. मी फडके घेऊन आलो. ते आपल्यासमोरच धुवावे असा त्र्यंबकरावांचा आग्रह. तात्याही आता थकले होते. तरी त्यांनीच छतावर बसून तांब्याने पाणी सोडले. धूळ वाहून गेली. आम्ही फडके पिळले, उन्हात धरले.

ते पांढरे झाले नाही. राखेची एक पुसट छटा त्याने धरून ठेवली होती.

तात्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खुर्चीत बसलेल्या त्र्यंबकरावांकडे, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पांढरं हाय म्हना. म्हातारपनी कशाला दुखवायचं?" एकेकाळी ज्यांना यांच्या तोंडून एक ओळ हवी होती, त्यांना आज माझ्या तोंडून एक शब्द हवा होता, आणि तोही केवळ मायेपोटी. माझ्याही जिभेवर तो आला होता. पण ज्या माणसाने छत गेले तरी न पाहिलेले सांगितले नाही, त्याच्या पुढ्यात तो उच्चारणे मला जमेना.

"त्र्यंबकराव," मी म्हणालो, "चाकण आता पांढरे राहिले नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी फडके त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी ते बोटांनी चाचपले, जणू रंग बोटांना कळणार होता. वहिनींनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"किती?" त्यांनी विचारले.

मी आठवून पाहिले. "आपल्या आकुर्डीचे पहिल्या वर्षी होते, साधारण तितके."

"पहिल्या वर्षी." त्यांच्या चेहऱ्यावरची एक घडी उलगडली. "म्हणजे अजून वेळ आहे. आपल्याला तेव्हा कळायला उशीर झाला. चाकणकरांना आत्ताच कळलंय. महादूला सांगायला हवं. तो आता चाकणच्या रस्त्याला कुठे फोरमन झालाय ना?" मग थोडे थांबून, "पुढच्या महिन्याचं फडकं आणायला कोण जाईल?"

"म्या जातो," तात्या म्हणाले. "मला काय धाड भरलीया?"

मी जिना उतरताना मागे वळून पाहिले. त्र्यंबकरावांनी डोक्यावरची टोपी काढली होती. ती दोन बोटांत धरून, न दिसणारे डोळे उत्तरेच्या, चाकणच्या आभाळाकडे लावून ते तिची एक घडी चाचपत होते, मग दुसरी. तेच मला घडलेले त्यांचे शेवटचे दर्शन. माघात ते गेले. त्या महिन्याचे फडके तात्यांनी आणलेच, आणि अंत्यदर्शनाला आलेल्या महादूच्या हाती ते दिले.

वाचकहो, आपल्या घरची चूल निर्धूम ज्वालेने पेटो. आपल्या अंगणातल्या दोरीवरचे वस्त्र संध्याकाळी काढताना सकाळइतकेच शुभ्र असो. आपल्या गावावर आलेला ढग उपाशी पुढे न जाता तृप्त होऊन उतरो, आणि आपल्या लेकराबाळांना ठाऊक नसलेली गोष्ट 'पाहू' म्हणून पाहण्याचे धैर्य तो मंगलमूर्ती देवो. शुभं भवतु.